दुसरी सही

महाड,
९ जानेवारी

प्रिय साहिल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. माझ्याकडे सगळं ठीक आहे. तुझ्याकडचं कळायला दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून लिहायला बसले. आठ दिवस तुझा फोन बंद लागतोय. बंगळूरुच्या नव्या खोलीचा पत्ता तू कधी दिलाच नाहीस, तेव्हा हे पत्र तुझ्या गावी, पोलादपूरच्या पत्त्यावर टाकते. कुशाबा ते तुला पुढे पाठवतील.

गेल्या शुक्रवारी तुमच्या कंपनीचं विमान पडलं आणि तेव्हापासून महाडातला प्रत्येक जण विमानांचा जाणकार झालाय. दूधवाला म्हणतो, पायलट झोपला होता. औषधाच्या दुकानात ऐकलं, जुने भाग रंगवून नवे म्हणून बसवतात. एमआयडीसीच्या बसची वाट बघणारे शिफ्टचे लोक तेवढे शांत. त्यांतला एक जण म्हणाला, "बाई, आमच्याकडे काय चालतं ते आम्हाला ठाऊक आहे. तिकडे काय वेगळं असणार?" सावित्रीवरचा पूल वाहून गेला त्या पावसाळ्यापासून इथे कोणी कशावर सहजी विश्वास ठेवत नाही.

तिकीटवाल्या महिपतीची तर दमछाक झाली आहे. "शेपटाकडची सीट मागतात, बाई. काल एकाने विचारलं, पायलटचं लग्न झालंय का ते बघून सांग, म्हणजे जपून चालवेल. म्हटलं, पत्रिकाही जुळवून देऊ का?" तिथले सगळे हसले, मीही हसले. मग महिपती म्हणाला, "तुमच्याकडे शिकायला होता तो पोलादपूरचा पोरगा त्याच कंपनीत ना? विमानं दुरुस्त करणारा?"

नऊ वर्षं हा प्रश्न आला की मी मान ताठ करून "हो, आमचा साहिल" म्हणत आले. परवा पहिल्यांदा म्हणाले, "कंपनीत पुष्कळ लोक असतात." घरी येईपर्यंत त्या वाक्याची लाज वाटत होती.

सईचे दिवस मार्चच्या शेवटी भरताहेत. लेकीच्या बाळंतपणाला जायचं चार मार्चचं माझं मस्कतचं तिकीट तुमच्याच कंपनीचं आहे. तू सांगितलंस म्हणूनच काढलं होतं. आता सांग, जाऊ का?

आणि एक विचारते, रागावू नकोस. ते विमान तुझ्या हाताखालून गेलं होतं का?

तुझी,
विनीताबाई

*

बंगळूरु,
१७ जानेवारी

आदरणीय बाई,

तुमचं पत्र बाबांनी पाठवलं. कित्येक वर्षांनी तुमचं ते तिरकं अक्षर पाहिलं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी पट्टी मारून घोटवलं म्हणून तुम्ही आम्हाला सांगायचा, ते आठवलं.

काळजी करू नका. चौकशी चालू आहे म्हणून आम्हा सगळ्यांचे फोन कंपनीने जमा करून घेतलेत. कोणाशी बोलायचं नाही असा आदेश आहे. म्हणून पत्र. ते विमान माझ्या शिफ्टला आलं नव्हतं. टीव्हीवर जे सांगतात त्यात काही अर्थ नाही. विमानाच्या प्रत्येक कामावर दोन माणसांच्या सह्या असतात, एक करणाऱ्याची आणि एक स्वतःच्या डोळ्यांनी बघणाऱ्याची. रस्त्याने मुंबईला जाण्यापेक्षा विमानाने मस्कतला जाणं जास्त सुरक्षित आहे. तुम्ही निर्धास्त जा.

फक्त तिकीट आमच्या कंपनीचं आहे ते जमलं तर बदलून घ्या. तसं काही कारण नाही. वेळापत्रक सध्या विस्कळीत आहे, एवढंच.

सईताईला माझी आठवण सांगा.

तुमचा,
साहिल

*

महाड,
२२ जानेवारी

प्रिय साहिल,

पस्तीस वर्षं मी पोरांच्या निबंधवह्या तपासल्या. कोणतं वाक्य कुठून उचललंय ते मला वासावरून कळायचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

'निर्धास्त जा' आणि 'तिकीट बदला' ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच दिवशी लिहिली आहेत. दोन्ही खरी असू शकत नाहीत.

पत्रावर बंगळूरु आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का मात्र पोलादपूरचा आहे. फिकट आहे, पण आपल्या माणसांना आपल्या गावाचं नाव फिकट असलं तरी वाचता येतं. काल मी कुशाबांना फोन लावला. "साहिल आलाय का?" विचारलं. "नाय बाई, तो तिकडंच हाय," म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. कुशाबा! दर सुगीला तांदळाचं गाठोडं घेऊन यायचे आणि निघायला तासभर लावायचे, ते कुशाबा.

तू माझ्यापासून अठरा किलोमीटरवर बसून मला बंगळूरुहून पत्र लिहितोयस. का?

इथे तुझ्याबद्दल काय काय चाललंय ते सांगणार नव्हते. पण सांगते. शेजारची तेजश्री म्हणाली, तुला अटक झाली. मंडईत ऐकलं, तू देश सोडून पळालास. मी कोणाला काही बोलले नाही, कारण मला काही माहीत नाही आणि मला खोटं बोलता येत नाही.

आठवीत आलास तेव्हापासून पाच वर्षं माझ्या घरात राहिलास. त्या घरात तू काय पाहिलंस ते आठव. तुझे काका केमिकलच्या प्लांटमध्ये शिफ्ट सुपरवायझर होते. टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा तर यांच्या सहीचा परवाना लागायचा. सही करण्याआधी ते स्वतः टाकीच्या तोंडाशी जाऊन आत वाकून बघायचे. वायू तपासायचे, दोरी ओढून बघायचे. ते गेले तेव्हा शोकसभेत हेच सगळ्यांनी सांगितलं. तू त्या घरचा आहेस. तेव्हा मला खरं काय ते लिही. खरं ऐकायला मी घाबरत नाही.

तुझी,
विनीताबाई

*

पोलादपूर,
२९ जानेवारी

आदरणीय बाई,

शिक्का बरोबर ओळखलात. सहा तारखेपासून मी घरीच आहे. फोन कंपनीने घेतलाय हे खरं आहे, बाकीचं खोटं होतं.

आता खरं लिहितो. एकोणतीस डिसेंबरला ते विमान आमच्या हँगरला होतं. पंखाच्या मागच्या हलत्या फळीचा एक सांधा बदलायचा होता. काम माझ्या सहकाऱ्याने केलं. त्याचा हात चांगला आहे, माझा त्याच्यावर विश्वास होता. तो कागद घेऊन कँटीनमध्ये आला. मी चहा पीत होतो. दुसरी सही माझी हवी होती, ज्याने स्वतः जाऊन पाहिलं त्याची. मी कप खाली ठेवला नाही. डाव्या हातात कप होता, उजव्या हाताने सही केली.

चार दिवसांनी विमान पडलं.

त्या सांध्यामुळेच पडलं असं कोणी म्हणत नाही. कदाचित त्याचा काहीच संबंध नसेल. साहेब म्हणाले, "कागद बरोबर आहे. दोन सह्या आहेत. तू पाहिलंस, एवढंच म्हण." सोळा फेब्रुवारीला मला चौकशीसमोर बसायचंय. 'पाहिलं' म्हटलं तर मी सुटतो. 'नाही पाहिलं' म्हटलं तर लायसन्स जातं, पुढे आणखी काय होईल ते ठाऊक नाही. आणि एकशे बारा माणसं गेली आहेत, बाई. त्यांच्या घरचे टीव्हीवर रोज एकच विचारतात, शेवटचं कोणी पाहिलं होतं.

गावात सगळ्यांना संशय आहे. भावकीतले बाबांना म्हणाले, गुरवाला सांगून देवीला कौल लावा, पोर दोषी की निर्दोष ते कळेल. आई म्हणाली, "देवीला कशाला इचारू? पोर घरात हाय, त्यालाच इचारीन." पण तिने विचारलं नाही. रोज भाकरी वाढते आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहते.

आता एक लिहू की नको, असं दोन दिवस झालंय. तुम्ही लिहिता, काका वाकून बघायचे. बाई, मला वेगळं आठवतं. रविवारी सकाळी काका जेवणाच्या टेबलाशी बसायचे. परवान्यांचं अख्खं पॅड पुढे असायचं. आठवड्याचे सगळे परवाने ते एका बैठकीत सही करून ठेवायचे, म्हणजे कामगारांचा खोळंबा नको. एकदा मला म्हणाले, "बघ रे, मिनिटाला वीस." मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! सुट्टीत गावी जाऊन मी तशी झोकदार सही घोटली. तीच सही आज त्या कागदावर आहे.

तुम्ही तेव्हा तिथेच होतात. चहा तुम्हीच आणायचात.

मी काकांना दोष देत नाही. माझा दोष माझाच. पण मी दहावीत असताना वरंधचे गोमाजी टाकीत गुदमरून गेले. तेव्हा म्हणाले, परवाना न घेता उतरले, पिऊन होते. मला तेव्हाही समजलं नव्हतं. सही केलेले परवाने ढिगाने पडलेले असताना ते परवान्याशिवाय कशाला उतरतील?

तुमचा,
साहिल

*

महाड,
११ फेब्रुवारी

प्रिय साहिल,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले. पहिले चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. मग राग ओसरला आणि त्याच्या खाली जे होतं ते दिसायला लागलं.

पाचगणीला दर शुक्रवारी ख्रिस्ती मुली कन्फेशनला, फादरपुढे आपल्या चुका कबूल करायला, जायच्या. आम्हा हिंदू मुलींना बाहेरच्या बाकावर बसवायचे. आत जाताना रडवेल्या असलेल्या मुली बाहेर येताना उड्या मारत यायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आत काय बोलतात ते कोणी सांगायचं नाही. त्या बाकावर मी जवळजवळ पन्नास वर्षं बसून आहे असं आता वाटतं.

ऐक. गोमाजी गेले त्या दिवशी हे घरी आले ते डब्याच्या पिशवीत परवान्यांचं पॅड घेऊन. माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "हे ठेव." बस. मी उघडून पाहिलं. परवान्याचा वरचा कागद कामगार घेऊन जातो, त्याखाली कार्बनची प्रत पॅडमध्ये राहते. त्या तारखेच्या प्रतीवर गोमाजींनी स्वतःच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात आपलं नाव लिहिलं होतं. खाली यांची सही होती. वायू तपासल्याचा रकाना कोरा होता.

म्हणजे गोमाजी परवाना घेऊनच उतरले होते. आत बघितलंय, असं सांगणारी सही त्यांच्या खिशात होती. तिच्या भरवशावर उतरले.

हे वाईट माणूस नव्हते, साहिल. त्यानंतर ते खरोखर टाकीत वाकून बघायला लागले. शोकसभेत लोकांनी जे सांगितलं ते त्या नंतरच्या वर्षांचं होतं. मी ती वर्षं तेवढी लक्षात ठेवली आणि आधीची विसरून गेले. तुला लिहिताना मी खोटं बोलतेय हेही मला कळलं नाही. सबब म्हणून सांगत नाही, पण असं होतं.

पण माझं मोठं खोटं याच्या पुढेच आहे. हे गेले, मग पूर आला. त्या पुराने माझा तळमजला छतापर्यंत भरला. फोटो, वह्या, यांचे कपडे, सगळं चिखलात गेलं. पॅड गेलं नाही. पाणी वाढताना मी दोनच वस्तू वर नेल्या, सईच्या बाळपणीचा अल्बम आणि ते पॅड. का नेलं, अजून सांगता येत नाही. महिन्याभराने गोमाजींच्या बायको, चंपाबाई, वरंधहून आल्या. चिखल उपसायला मदत करून गेल्या. निघताना म्हणाल्या, "बाई, सायबांच्या कागदांत आमच्या ह्यांचं काय व्हतं का?" मी म्हणाले, "सगळं पुरात गेलं हो."

तुला ठाऊक आहे, त्या वर्षापासून महाडात काही सापडेनासं झालं की सगळे हेच म्हणतात. दाखला, पावती, कोणाचं उसनं भांडं, सगळं पुरात गेलं. कोणी पुढे विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. माझ्या अंगणातला चिखल अजून त्यांच्या हाताला होता.

काल एसटीने वरंधला गेले. चंपाबाई अंगणात वाल सोलत होत्या. मला पाहून उठल्या, चहा ठेवायला निघाल्या. म्हटलं, आधी बसा. पॅड काढलं, ती प्रत उघडली.

"हे काय हाय?"

मी वाचून दाखवलं. नाव, तारीख, सही. कोरा रकानाही दाखवला.  त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यांना गो कधी सरळ लिवताच आला नाय."

मला वाटलं आता रडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "पिऊन उतरला म्हनले समदे. म्याबी म्हनले, बाई. वर्षश्राद्धाला पान वाढताना म्हनले, पिऊन मेलास, आता जेव."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"पुरात गेलं म्हनलाव."

"हो. खोटं बोलले."

"मंग हे मला देताय का नुसतं दाखवताय?"

साहिल, त्या क्षणापर्यंत मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पॅड माझ्या हातात होतं आणि माझी बोटं सुटत नव्हती. त्यावर यांची सही आहे ना. एकदा त्यांच्या हाती गेलं की यांचं नाव महाडात काय राहील? मग मला तुझा चहाचा कप आठवला. मी पॅड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चहा दिला नाही. बसची वेळ झाली तेव्हा फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गावात मी सांगीन. तुमी महाडात सांगा."

म्हणून आज सकाळी महिपतीच्या दुकानात चार माणसं असताना सांगितलं. कोणी हसलं नाही. एक जण उठून गेला.

सोळा तारखेला काय सांगायचं ते मी तुला लिहिणार नाही. तो अधिकार मी गमावलाय. फक्त एक कर. जाण्याआधी आईला सांग. तिने विचारायची वाट बघू नकोस.

तुझी,
विनीताबाई

*

पोलादपूर,
१९ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हायती हाय. तू मीठ मागायचा बंद झालास तवाच कळलं."

सोळाला 'नाही पाहिलं' असं सांगितलं. तिघे जण समोर होते. मधले लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "पुन्हा सांगता?" मी पुन्हा सांगितलं. बाहेर आलो तर साहेब कॉरिडॉरमध्ये होते, त्यांनी तोंड फिरवलं. लायसन्स काढून घेतलंय. तो सांधा कारण होता की नव्हता हे कळायला वर्ष लागेल म्हणतात. तोवर मला कोणीही काहीही म्हणू शकतं आणि मी 'नाही' म्हणू शकत नाही. निघताना त्यातले एक वयस्क गृहस्थ मागून आले. म्हणाले, उद्यापासून त्या हँगरमधले मागच्या तीन महिन्यांचे सगळे कागद पुन्हा तपासणार. विमानं उभी करून, एकेक सांधा बघून.

तुमचं तिकीट बदललंत का? आता कारणासकट सांगतो, बदला.

तुमचा,
साहिल

*

मस्कत,
६ मार्च

प्रिय साहिल,

पोचले. सई फुगलीय नुसती, चालताना बदकासारखी डुलते. माझ्या हातचे पोहे मागते आणि खात मात्र नाही.

तिकीट बदललं नाही. त्यात धीटपणा काही नाही, चढताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता. पण मला वाटलं, दुसऱ्या कंपनीच्या विमानाखालीही कोणाच्या तरी हातात चहाचा कप असेलच. तो कोण, हे मला कुठे कळणार?

विमानात कोणी फोटो काढत नव्हतं. एरवी काढतात म्हणे. माझ्या शेजारच्या बाईंनी जपमाळ काढली. मागे कोणीतरी बायकोला फोनवर कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगत होतं. मी खिडकीशी होते. खाली पिवळं जाकीट घातलेला एक पोरगा कागद घेऊन आला. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच खांदा पाडून चालणारा. पंखाखाली उभा राहिला आणि त्याने खिशातून पेन काढलं.

 काचेवर हात ठेवून मी मनात म्हणत होते, आधी बघ रे बाळा. आधी बघ.

त्याने पेन परत खिशात ठेवलं. टॉर्च काढली आणि खाली वाकला. बराच वेळ वाकून होता.

तुझी,
विनीताबाई